सात पानी चोर

आमच्या आत्याला बागेत सगळे डोळेबाई म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, बाई आधी डोळ्यांच्या दवाखान्यात असणार. तसं काही नव्हतं. ती गुलाबाचे डोळे भरायची. म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते, कारण ते कळलं नाही तर मला एवढा संताप का येतो हेही कळायचं नाही.

तुम्ही बागेत जाता, वाटीएवढा लाल गुलाब बघता, वाकून वास घेता, फोटो काढता आणि खाली पाटीवर त्याचं नाव वाचता. तो गुलाब स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. त्याची मुळं नाजूक. जरा पाणी साठलं, जरा थंडी पडली की संपला. म्हणून खाली रानगुलाबाचा खुंट घ्यायचा. हिवाळ्यात रानगुलाबाची पेन्सिलीएवढी काडी जमिनीत खोचायची, ती कुणाची मनधरणी न करता मुळं धरते. चांगली जोमात आली की उन्हाळ्यात तिच्या बुडाशी सालीला चीर द्यायची, त्या चिरेत लाल गुलाबाचा एक डोळा, म्हणजे एक कोंब, अलगद सरकवायचा आणि पट्टीने बांधून टाकायचं. तीन आठवड्यांनी तो हिरवा राहिला तर ‘डोळा लागला’ म्हणायचं. थंडी सरत आली की डोळ्याच्या वरचा सगळा रानगुलाब छाटून फेकून द्यायचा. तिथून पुढे मूळ रानगुलाबाचं, पाणी ओढणार रानगुलाब, वारा झेलणार रानगुलाब. फूल, नाव, पाटी आणि बक्षीस मात्र वरच्याचं.

बरं, एवढं करूनही त्या मुळातून कधी एखादा कोंब स्वतःहून वर आला, तर बागेतले लोक त्याला काय म्हणतात? चोर. “तिसऱ्या वाफ्यात चोर निघालाय, काढून टाका.” शिकाऊ लोकांसाठी एक ओळही होती: पाच पानी घरचा, सात पानी चोर. लाल गुलाबाच्या एका देठावर बहुधा पाच पानं असतात, रानगुलाबाच्या देठावर सात.

आत्याने हा शब्द एकतीस वर्षांत तोंडातून काढला नाही. “चोर कसला?” ती म्हणायची. “जागा त्याची, मूळ त्याचं, राबतो तो. भाडेकरू वर बसलाय.” ती म्हणायची, “मालक डोकावला.” असं म्हणून ती गुडघ्यावर बसायची, बोटांनी माती उकरून कोंब नेमका कुठून निघालाय ते शोधायची आणि एका झटक्यात तो मुळापासून ओरबाडून काढायची. कात्रीने कापायची नाही, कारण कापला की एकाचे चार होतात. शब्दावरून भांडायची, पण कामात कुचराई नाही. नंतर शिकाऊ पोरीला सांगायची, “पान मोजून धरू नकोस गं. काही चांगल्या जातींनाही सात पानं असतात. खाली हात घाल. डोळ्याच्या खालून निघालं तर काढ, वरून निघालं असेल तर हात लावायचा नाही.” खरी, पूर्ण ओळ होती ती एवढी. अर्धी लोकांना पाठ व्हायची, उरलेली अर्धी बोटांनी शिकावी लागायची.

हा सगळा रानगुलाब यायचा एका झुडपातून. ते पंपघराच्या मागे होतं. आत्याने नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दगडखाणीच्या कडेवरून त्याचा फुटवा मुळासकट आणला होता, गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या मागे बांधून. घरी आली तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. त्या खाणीत नुसता चुनखडीचा दगड, माती नावाला, आणि तिथे हा मजेत वाढत होता. बागेची जमीनही तसलीच चुनखडीची. बाहेरून आणलेले गुळगुळीत, बिनकाट्यांचे खुंट इथे दोन वर्षांत पिवळे पडायचे. हा मात्र तरारला. पंपघराच्या छपरापर्यंत चढायचा, वरून कमानीसारखा खाली वाकायचा, वाकलेलं टोक मातीला टेकलं की तिथेही मूळ धरायचा. काटे आकड्यासारखे मागे वळलेले. हात आत सहज जायचा, बाहेर येताना अडकायचा. वर्षातून एकदाच फुलायचा, तीन आठवडे. पाच पाकळ्यांचं साधं पांढरं फूल, कडेला गुलाबी झाक. हिवाळ्यात त्यावर लाल फळं आणि ती खायला पाखरांची झुंबड. बी पेरलं तर उगवायला दोन-दोन हिवाळे घ्यायचं, म्हणून आत्या काड्याच लावायची. दर वर्षी झुडपाचा तिसरा हिस्सा कापायची, त्याहून एक काडी जास्त नाही. “आईला पुरतं सोडलं पाहिजे,” म्हणायची. खाण पुढे बुजवली, आता तिथे गाड्या उभ्या असतात. म्हणजे हे एकच उरलं होतं. ते गेलं तर पुन्हा असं काड्या पुरवणारं झुडूप उभं राहायला दहा वर्षं लागली असती.

आत्या आमच्याकडे राहायला आली तीही तिने झुडूप आणलं त्याच सुमारास. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची, भाऊ सहा. बाबा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, आठवड्यात दोन दिवस घरी. आत्या दोन महिन्यांसाठी आली. तिची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी टाकली, तात्पुरती म्हणून. ती अजून तिथेच आहे. माझ्या वेण्या, भावाचा दमा, बाबांचे डबे, भिंतीतली ओल, सगळं तिने बघितलं, आणि बघता बघता आम्ही मोठे झालो. तिला कुणी विचारलं नाही की बाई, तुला स्वतःचं काही करायचं होतं का. मीही विचारलं नाही. आज विचारते तर म्हणते, “आता काय विचारतेस, आता माझे गुडघे दुखतात.”

तर तिच्या निवृत्तीच्या वर्षी बागेत नवे साहेब आले. साहेबांना कागद प्लास्टिकमध्ये बंद करायची भारी हौस होती. तसलं यंत्रच त्यांच्या टेबलावर होतं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी हत्यारांच्या खोलीत, पंपघरात, अगदी संडासाच्या दारावरसुद्धा सूचना लावल्या, सगळ्या चकचकीत. त्यातली एक अशी: ‘एका देठावर सात पाने असलेली प्रत्येक फांदी चोर समजून मुळापासून काढावी.’ खाली शिक्का. कुणा शिकाऊकडून अर्धी ओळ त्यांच्या कानावर पडली होती, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्यांपैकी ते होते.

बागेच्या मुख्य दारावर मोठी कमान होती. तिच्यावर जुने वेली गुलाब चढवलेले, सव्वीस वर्षांचे, आत्याच्याच हातचे. जातीनेच सात पानी. चार हंगामी कामगार आले, त्यांनी सूचना वाचली, देठावरची पानं मोजली आणि कामाला लागले. त्यातल्या एकाने साहेबांना विचारलंसुद्धा, “साहेब, हे पण?” साहेब फोनवर होते. त्यांनी मान हलवली. दोन तासांत कमान उघडी पडली. आत्या त्या दिवशी मागच्या शेडमध्ये काड्या बांधत होती. ती आली तेव्हा वेलींचे ढीग हातगाडीवर चढवलेले होते. तिने हातगाडीतली एक फांदी उचलली, तिचं बूड बघितलं, आणि तिथेच कठड्यावर बसून राहिली. हे मला पंपवाल्याने सांगितलं. पंपवाला म्हणजे तिच्याबरोबर वीस वर्षं काम केलेला माणूस, एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा. त्या दिवशी तो घरी येऊन तासभर बोलला.

लोकांनी तक्रारी केल्या. वरच्या कार्यालयाने विचारलं, कमान कुणी कापली? आणि साहेबांनी खापर कुणावर फोडलं असेल? कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे: ‘सदर ज्येष्ठ महिला कर्मचाऱ्याने वर्षानुवर्षे कामगारांना चुकीचा नियम शिकवल्यामुळे सदर प्रकार घडला.’ सदर! एकतीस वर्षं मातीत गुडघे घासलेली बाई, तिचं नाव लिहायलाही हात धजला नाही. माझ्या आत्याच्या तोंडाला पानं पुसली, आणि तीही मोजून सात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून उतरलेली नाही.

साहेबांनी तिला बोलावलं. खुलासा द्या म्हणाले. मजकूर त्यांनीच तयार ठेवला होता, ‘माझ्या चुकीच्या शिकवणुकीमुळे’ असा. सही तेवढी करायची. आणि जाता जाता म्हणाले, “पंपघरामागे ते रान माजलंय, ते पण काढायचं आहे. बागेचा चोर बागेनेच पोसायचा, हे काही बरोबर नाही. तुम्ही सही करा, मग झुडपाचं बघू.”

बघू! मी कोर्टात कारकून आहे. लोकांचे अर्ज, खुलासे, माफीनामे लिहिण्यात माझा दिवस जातो. ‘बघू’ म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. तरीही, आता सांगायला लाज वाटते, मी तिला म्हटलं, “आत्या, करून टाक सही. दोन महिने राहिलेत. कागदावर काय, काहीही लिहितात. झुडूप वाचलं तर वाचलं.”

ती कपडे वाळत घालत होती. चिमटे तोंडात धरायची तिची सवय. तिने ते काढले आणि म्हणाली, “तू चौथीत असताना एक फॉर्म भरला होतास. आठवतो?”

मला आठवत होता. शाळेचा फॉर्म. ‘घरातील माणसे’ असा रकाना होता. मी गोलगोल अक्षरात लिहिलं होतं: बाबा, भाऊ, मी. तीन. आणि खाली ‘पालकांची सही’ इथे सही करायला तो आत्यापुढे ठेवला होता. बाबा गाडीवर होते ना. तिने वाचला, सही केली, शाई वाळावी म्हणून फुंकर मारली आणि माझ्या दप्तरात घातला.

“त्यावर केली मी सही,” आत्या म्हणाली. “तू लहान होतीस. तसल्या सह्या आता पुरे झाल्या.”

आणि चिमटे पुन्हा तोंडात. साहेबांवर तोंडसुख घेणं सोपं होतं, मी ते महिनाभर घेतलं होतं. त्या दिवशी मी बादलीतले उरलेले कपडे पिळून एकेक तिच्या हातात देत राहिले.

तिने सही केली नाही. चौथ्या दिवशी लेखी आदेश आला. थंडी सरत आलेली, झाडं निष्पर्ण, रोपं हलवायचे दिवस. आत्या आदेश घेऊन घरी आली आणि चष्मा असूनही मला म्हणाली, “जरा वाच.”

मी वाचलं. “‘बागेतील रानगुलाब तातडीने मुळासकट काढून टाकावा. अंमलबजावणीची जबाबदारी आपली राहील.’”

“पंपघर लिहिलंय का कुठे?”

“नाही.”

“मागची बाजू, झुडूप, असं काही?”

“नाही गं. ‘बागेतील रानगुलाब’ एवढंच.”

“नक्की? तू कोर्टातली आहेस, नीट सांग.”

“नक्की.”

तिने कागदाची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि दोन घास जास्त जेवली. मला वाटलं, वरवर जेवली तरी बाईने आतून हाय खाल्ली. स्वतः लावलेलं झुडूप स्वतःच्या हाताने उपटायला लावणारा माणूस म्हणजे काय म्हणायचं! सकाळी मी रजा टाकली आणि तिच्यामागून बागेत गेले. म्हटलं, निदान कुणीतरी जवळ असावं.

ती पंपघराकडे गेलीच नाही. फावडं घेऊन सरळ मुख्य वाफ्याशी गेली. तिथे मधोमध साहेबांचा लाडका गुलाब होता, पितळी पाटीवाला. आल्या-आल्या वरच्या कार्यालयातल्या मोठ्या माणसाच्या हस्ते लावून घेतलेला. त्याच्याशेजारी उभे राहून काढलेला फोटो साहेबांच्या खोलीत आहे. आत्याने हातभर अंतरावरून गोल माती कापली. पंपवाल्याने खालून पहार घातली. दोघांनी मिळून ते झाड मुळं न तोडता अलगद उचललं, ओल्या गोणपाटावर आडवं ठेवलं आणि नळीने मुळं धुतली. अगदी न्हाऊ घातल्यासारखी.

साहेब धावत आले. एका पायात बूट नीट चढलेला नव्हता. “अहो, डोळेबाई! हे काय चालवलंय?”

“आदेशाची अंमलबजावणी,” आत्या म्हणाली आणि कागद काढून त्यांच्या हातात दिला.

“हा रानगुलाब आहे का? डोकं ठिकाणावर आहे ना? पाटी दिसत नाही?”

“पाटी वरच्याची आहे.” ती गुडघ्यावर बसली आणि बुडाशी असलेल्या मुठीएवढ्या गाठीवर बोट ठेवलं. “ही गाठ बघा. इथे मी डोळा भरला. गाठीच्या वर तुमचा गुलाब. खाली सगळा रानगुलाब. तुम्ही मुळासकट काढायला सांगितलंत. हे मूळ. हा एक झाला. बागेत असे चौदाशे आहेत. आता कुठला घेऊ तुम्ही सांगा, नाहीतर मी ओळीने जाते.”

“मी पंपघरामागचं म्हणत होतो!”

“म्हणत असाल. लिहिलं नाहीत.”

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते पंपवाल्याकडे वळले. “तू जा रे, ते मागचं झुडूप काढ आत्ताच्या आत्ता.”

पंपवाल्याने पहार खांद्यावर घेतली, दोन पावलं टाकली आणि शेजारच्या गुलाबापाशी थांबला. “हा पण रानगुलाबच की. हा आधी घेतो, जवळ आहे.” आणि ते चार हंगामी कामगार, कमान कापणारे, तेही आपापलं फावडं घेऊन एकेका झाडाशी जाऊन उभे राहिले. एकाने तर अगदी नम्रपणे विचारलं, “साहेब, हे पण?”

या वेळी साहेबांनी मान हलवली नाही. ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

आत्या ओरडून बोलली नाही, हसलीही नाही. “मुळं सुकतील, चला,” एवढंच म्हणाली. त्या गुलाबाच्या फांद्या अर्ध्यावर छाटल्या, खड्ड्यात मातीचा ढीग करून त्यावर मुळं पसरली, गाठ जमिनीलगत येईल अशी बेताने माती भरली आणि पायाने दाबली. पाणी घातलं. पाटी पुसून परत लावली. साहेबांचा गुलाब जिथल्या तिथे.

सुधारलेला आदेश आलाच नाही. कसा येणार? ‘पंपघरामागील झुडूप’ असं लिहिलं की वरून विचारणा होणार, ते कशासाठी होतं, आणि मग ज्याच्या मुळांवर अख्खी बाग उभी आहे तेच काढा असं स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागणार. ती चकचकीत सूचनाही एक दिवस गुपचूप निघाली. पण माणूस सूड घेतल्याशिवाय कसा राहील? आत्याला उरलेले दिवस सक्तीच्या रजेवर घरी बसवलं. निरोप नाही, दोन शब्द नाहीत. तिचा चाकू, ज्याची मूठ तिच्या तळव्याच्या आकाराची झाली होती, तोसुद्धा बागेची मालमत्ता म्हणून ठेवून घेतला. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला कधी माफ करणार नाही.

खुलासा मात्र आम्ही दिला. तिने सांगितला, मी लिहिला. मी आजवर हजारो लिहिलेत, इतका छोटा आणि इतका चांगला एकही नाही: ‘मी शिकवलेल्या नियमाचा अर्धा भाग आपण लावलात. उरलेला अर्धा सोबत जोडत आहे.’ खाली ती ओळ पूर्ण लिहिली, ‘वरून निघालं असेल तर हात लावायचा नाही’ इथपर्यंत. त्याच्या खाली तिने सही केली आणि सवयीने शाईवर फुंकर मारली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला पंपवाल्याचा निरोप आला, झुडूप फुललंय. मी तिला घेऊन गेले. दारावर तिकीट काढावं लागलं. खिडकीतली मुलगी नवी होती, तिने आत्याकडे बघून नुसतं “किती?” विचारलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या म्हणाली, “दोन दे, बाळ,” आणि तिकीट उलटसुलट करून बघत आत शिरली.

पंपघराचं छप्पर दिसत नव्हतं. नुसतं पांढरं, आणि मधमाश्यांचा आवाज. पाटी नव्हती. बागेतल्या प्रत्येक काटकीला पाटी आणि या झुडपाला नाही! मी म्हटलं, मी अर्ज करते. आत्या म्हणाली, “कशाला? त्याला काय वाचता येतं का?” तिने एका फांदीचं टोक हातात धरलं, काडी किती जाड झालीय ते बोटांनी चाचपलं आणि सोडून दिलं.

परतताना आम्ही मुख्य वाफ्यावरून आलो. साहेबांचा गुलाब पुन्हा मूळ धरून छान फुटला होता, मोठं लाल फूल वर. बुडाशी, मातीतून, वीतभर कोवळा कोंब निघाला होता. मीसुद्धा पानं मोजली. सात.

आत्या सवयीने गुडघ्यावर बसली. बोटांनी माती उकरली. खाली हात घातला, कोंब मुळाशी धरला. एका झटक्याचं काम. मी वाट बघत उभी राहिले. तिने हात तसाच बाहेर काढला, माती परत लोटली, हात झटकले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

“नाही काढलास?” मी विचारलं.

“काढतील ज्यांचं काम आहे ते,” ती म्हणाली. “मी आज तिकीट काढून आलेय.”